हुंकाऱ्या

सलीमभाईंना खोटं बोलता येत नाही, असं नंदुरबारजवळच्या रनाळ्यात लहानथोर सांगत. ते खरंच होतं. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि सलीमभाईंनी एका बाबतीत चौदा वर्षं तोंडच उघडलं नव्हतं. गाव त्याला सरळपणा समजत होतं. गावाचं काय, गाव कशालाही काहीही समजतं.

नंदुरबारच्या जुन्या वस्तीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे परीक्षा देऊन ते विमानातल्या यंत्रांचे मेकॅनिक झाले, परगावी नोकरी केली, आणि हिंमतराव पाटलांनी बोलावलं म्हणून परत आले. हिंमतराव मिरचीच्या व्यापारात वर आलेले. पैसा आला की लोक बंगला बांधतात, या गृहस्थाने शेताच्या कडेला धावपट्टी बांधली आणि दोन माणसांचं जुनं विमान घेतलं. गावाने आधी त्यांना येड्यात काढलं. मग पाहुणे आले की गावच त्यांना ‘आमनं इमान’ दाखवायला नेऊ लागलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर हिंमतरावांना चेव यायचा. माहेरी आलेल्या लेकीबाळी झोक्यांवर गाणी म्हणत असत, आणि हे वरून घिरट्या घालत विमानाचे पंख डावीउजवीकडे डुलवत. बाया ओरडत, म्हाताऱ्या शिव्या घालत, पोरं धावपट्टीपर्यंत पळत सुटत. चौदा वर्षांपूर्वीच्या आखाजीला त्यांनी अशाच घिरट्या घातल्या, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सातपुड्यापलीकडे धरणाचं पाणी बघायला गेले. मणिबेलीच्या वर सर्वेक्षणाच्या एका विमानाच्या पंखाचा धक्का त्यांना बसला. ते विमान कसंबसं परत गेलं, हिंमतरावांचं पाण्यात गेलं. होडीवाल्यांना शेपटीचा एक तुकडा सापडला. माणूस सापडला नाही.

त्या दुसऱ्या विमानाचा पायलट वीरसिंग गिरासे, शहाद्याकडचाच. दुसरं विमान जवळ आलं की ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असं बोलून सावध करणारी पेटी त्याच्या विमानात होती. चौकशीत तो एकच वाक्य सांगत राहिला, “पेटी बोलनीच नही.” कोणी विश्वास ठेवला नाही. ठपका आला, लायसन गेलं. आता तो नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवरून अंड्यांचा टेम्पो चालवतो. एकदा सलीमभाईंना तो तिथल्या बाजारात समोरून येताना दिसला होता. ते चपलांच्या दुकानात शिरले आणि नको असलेली चप्पल घेऊन बाहेर पडले.

हिंमतरावांच्या पत्नी प्रमिलाबाई वीरसिंगच्या नावाने बोटं मोडत राहिल्या. नवरा गेला हे मात्र त्यांनी मानलं नाही. आखाजीला घरोघर मेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकून नाव घेतात आणि त्याला पाणी प्यायला बोलावतात. प्रमिलाबाई दर वर्षी कुंभाराकडून नवी घागर आणत आणि कोरडीच ठेवत. “घागर मरेल मानूसनी ऱ्हास,” त्या म्हणत. “मन्हा मानूस कोठे मरेल शे?”

आता त्यांची एकुलती एक मुलगी चारुलता पायलट होऊन घरी आली होती. बापाची धावपट्टी तिने साफ करून घेतली, चार माणसांचं वापरलेलं विमान आणलं, आणि आखाजीच्या सकाळी गावावर घिरट्या घालायचं ठरवलं. प्रमिलाबाईंची अट एकच होती. विमानात ती बोलणारी पेटी पाहिजे, आणि पेटी नसेल तर लेकीने जमिनीवरच राहावं.

आखाजीला आठ दिवस उरले होते तेव्हा चारुलताने तीन पेट्या आणून शेडमधल्या टेबलावर मांडल्या.

“चाचा, ह्या तीन शेत. तुम्ही तपासा. येक ठेवूत, बाकीन्या परत धाडूत.”

पहिली पेटी तळहाताएवढी, काचेसमोर चिकटवायची. ती नुसती ऐकते. आसपासचं विमान किती मैलांवर आहे, आपल्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे, आणि त्याच्या पायलटने लावलेला चार आकडी नंबर काय, एवढं दाखवते. दुसरी जरा दांडगी, तिच्यासाठी विमानाच्या टपावर अँटेना बसवावा लागतो. ती स्वतः हाका मारते आणि कोण ओ देतं ते बघते. तिसरीला मोठा पडदा, त्यावर नकाशा, आणि नकाशावर विमानं मुंग्यांसारखी सरकताना दिसतात.

“तिसरी बरी दिखस ना, चाचा?”

“बरी शे.”

“आन दुसरी?”

“तीबी बरी शे.”

“मंग वाईट कोनती?” चारुलता हसली. सलीमभाई हसले नाहीत. त्यांनी पहिल्या पेटीचं झाकण उघडून आत बघायला सुरुवात केली, जसं काही आत बघण्यासारखं खूप होतं.

तिन्ही पेट्यांची खोड एकच होती, आणि ती त्यांना चांगली ठाऊक होती. विमानात ट्रान्सपाँडर नावाचं एक यंत्र असतं. बाहेरून विचारणा आली की ते आपली उंची आणि नंबर सांगून उत्तर देतं. गोष्ट ऐकताना पोरं हुं हुं करतात तसं, म्हणून हिंमतराव त्याला हुंकाऱ्या म्हणत. या पेट्या तो हुंकार ऐकतात, त्यापलीकडे त्यांना काही कळत नाही. समोरच्या विमानात हुंकाऱ्याच नसेल, तर ते नाकासमोरून गेलं तरी तिन्ही पेट्या गप्प बसतात.

हिंमतरावांच्या विमानात त्या दिवशी हुंकाऱ्या नव्हता. तो सलीमभाईंच्या घरी कपाटाच्या खालच्या खणात होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. अजूनही तिथेच होता.

झालं होतं ते असं. आखाजीच्या आदल्या दिवशी हुंकाऱ्या मधूनमधून दगा देतोय म्हणून सलीमभाईंनी तो काढला, जागेवर पत्र्याचा तुकडा बसवला, आणि घरी नेऊन तपासायचं ठरवलं. काढलेली वस्तू हातातून खाली ठेवण्याआधी कामाच्या वहीत लिहायची, हा त्यांचा शिरस्ता. पेन उघडलंही होतं. हिंमतरावांनी वहीवर हात ठेवला. “अर्धं काम जुन्या सालमा लिखू नको रे सलीम. उद्या नवी वही पूजसूत, तिन्हामा लिख.” या भागात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला बदलतं, शेतीचा सगळा कारभार आखाजीपासून नवा धरतात. हिंमतरावांनी विमानाची वहीसुद्धा त्याच पंगतीला बसवली होती. सलीमभाईंनी पेनाला टोपण लावलं. “मंग उद्या उडानं नही,” ते म्हणाले. “नही रे बो,” हिंमतराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सलीमभाई यायच्या आत उडाले.

जुन्या वहीत सगळं जागच्या जागी होतं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, बाकी काही नाही. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, विमानातलं काही काढलेलं होतं का? “जे शे ते वहीमा शे,” सलीमभाई म्हणाले. हे खोटंही नव्हतं. माणूस किती सफाईने बुडतो बघा.

तीन पेट्या आल्या त्या दुपारी चारुलता जेवायला गेली आणि सलीमभाईंनी पहिली पेटी चालू करून टेबलावर ठेवली. सरत्या चैत्राचं ऊन शेडच्या पत्र्यावर टकटक वाजत होतं. नव्या विमानाची बॅटरी काढून बाजूला ठेवलेली होती, आकाश कोरडं ठाक. पेटीच्या काचेवर काही उमटायचं कारण नव्हतं. तरी उमटलं.

अंतर पाच मैल. उंची उणे चार. नंबर २५४६.

उणे चार म्हणजे पेटीपेक्षा चारशे फूट खाली. पेटी टेबलावर होती, टेबल जमिनीवर होतं. सलीमभाईंनी पेटी उचलली, हलवली, बंद करून पुन्हा चालू केली. तेच आकडे. जमिनीच्या पोटात चारशे फूट खोल एक विमान उभं होतं आणि हुंकार देत होतं. मग त्यांना आठवलं की रनाळ्यापेक्षा चारशे फूट खाली असलेली एक जागा आहे. मणिबेलीची बुडालेली शेतं, धरणाचा तळ. ती पाच मैलांहून कितीतरी दूर होती, पण उंची तीच होती.

उंचीपेक्षाही त्यांना धडकी भरली ती नंबराची. २५४६ हा त्यांच्या रेडिओच्या दुकानाचा जुना चार आकडी फोन नंबर. हुंकाऱ्या तपासायला घरी आणला की त्यावर तोच नंबर लावायचा, ही त्यांची सवय. जगात दुसऱ्या कोणाला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी खण उघडला. टॉवेल सोडला. हुंकाऱ्या थंडगार होता, मागच्या वायरी तुटक्या, वीज कुठून येणार? नंबर लावायच्या चारही चकत्यांवर त्यांनीच लावलेले आकडे होते, दोन, पाच, चार, सहा. मागे बिबीजान, त्यांची बायको, येऊन उभी राहिली.

“फेंक क्यूँ नहीं देते उसकू?” ती म्हणाली. “चौदह साल से घर में मय्यत रखी है.”

 सलीमभाईंनी एकेक चकती फिरवून शून्यावर आणली, यंत्र पुन्हा गुंडाळलं आणि खणाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी पेटी दिवसभर कोरी राहिली. सलीमभाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी डब्यातली चौथी भाकरीही खाल्ली. तिसऱ्या दिवशी चारुलता शेजारी बसलेली असताना काच उजळली. अंतर तीन मैल, उंची उणे चार. नंबर ००००.

“चाचा, हाई काय शे?”

“पेटी बिघडेल शे,” सलीमभाई म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते नीट, तोंड उघडून खोटं बोलले.

चारुलता पेटीकडे बघत राहिली. “चाचा, येक सांगू? ही पेटी मी मुद्दाम आनेल शे. वीरसिंगना इमानमा असीच व्हती. मी चौकशीना बठ्ठा कागद वाचेल शेत. आबानं यंत्र चालू व्हतं, वहीमा तसंच शे. मंग पेटी बोलालेच पाहिजे व्हती. आन तो म्हनस, बोलनी नही. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या कश्या ऱ्हातीन?”

“मानूस घाबरीसन काहीबी सांगस,” सलीमभाई म्हणाले. एकदा तोंड उघडलं की मग थांबवत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

“मंग बरं शे,” चारुलता म्हणाली. “पेटी चांगली शे आन वीरसिंग लबाड शे. म्हंजे पेटीवर भरोसा ठेवानं.”

 नवी पोरं कशी उडतात ते सलीमभाईंनी पाहिलं होतं. पेटी बोलेल म्हणून काचेबाहेर बघतच नाहीत, सगळं लक्ष पडद्यात. हुंकाऱ्या बंद पडलेलं एखादं विमान, नाहीतर हुंकाऱ्या नसलेलाच एखादा हौशी उडाणटप्पू समोरून येईल, पेटी गप्प राहील, आणि ही पोरगी त्या गप्पपणावर विसंबून सरळ जात राहील. तिला सांगायला हवं होतं. पण पेटी मुक्या विमानापुढे मुकी असते एवढं सांगितलं, की ती लगेच विचारणार, मग आबांचं विमान मुकं होतं का? पोरगी बापासारखी बेफिकीर नव्हती, हीच पंचाईत होती.

रोज सकाळी ते ठरवत, आज सांगू. रोज दुपारी ते पेटी पुसून ठेवत. आखाजीच्या आदल्या दिवशी काचेवर अंतर एक मैल आलं आणि उंची उणे एक. ते जे काही होतं ते तळातून वर येत होतं.

आखाजीच्या सकाळी पहिली पेटी काचेसमोर चिकटवलेली होती. सलीमभाई शेजारच्या सीटवर बसणार होते. विमान हलायच्या आधी सांगून टाकायचं, असं त्यांनी रात्रीच पक्कं केलं होतं. पण प्रमिलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्यांनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, मग वाकून आत हात घातला आणि पेटीला लावलं. देवाला लावावं तसं, दोन बोटांनी.

“बोलजो व बाई,” त्या पेटीला म्हणाल्या. “गप्प बसू नको.”

सलीमभाईंनी पट्टा बांधला. चारुलताने इंजिन चालू केलं.

वर गेल्यावर रनाळं हातावर मावेल एवढं दिसलं. कडुलिंबांच्या फांद्यांना बांधलेले झोके, रंगीत लुगडी, वर बघून हात हलवणाऱ्या बाया. गावाच्या कडेला मिरची वाळवायच्या पथाऱ्या होत्या. हंगाम संपला होता तरी जमिनीची लाली गेली नव्हती. त्या लालीवरून विमानाची सावली सरकत होती. चारुलता हसत होती. चौदा वर्षांनी गावावर पुन्हा विमान फिरत होतं, आणि तिचा चेहरा अगदी हिंमतरावांचा झाला होता.

“ट्रॅफिक,” पेटी म्हणाली. “ट्रॅफिक.”

अंतर एक मैल. उंची उणे एक. चारुलताने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान वाकवून खाली पाहिलं. आकाश मोकळं होतं. तिने विमान वळवलं. आकडे बदलले, अंतर अर्धा मैल, उंची शून्य. तिने विमान वर खेचलं. अंतर शून्य, उंची शून्य, नंबर ००००.

“चाचा, कोठे शे तो? माले दिखत नही!”

सलीमभाईंना तो दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. त्यांच्या इंजिनाच्या आवाजाखाली दुसरं एक इंजिन चालू होतं, अर्ध्या श्वासाने मागे. दर चार ठोक्यांनंतर एक ठोका अडखळत होता. हिंमतरावांच्या जुन्या विमानाची ती खोड होती, सलीमभाईंनी तीन वेळा इंजिन उघडूनही ती निघाली नव्हती. तो अडखळा त्यांनी गर्दीतही ओळखला असता.

“चाचा,” चारुलता हळू आवाजात म्हणाली. “खाले दखा.”

पथारीच्या लाल जमिनीवरून दोन सावल्या जात होत्या. एक त्यांची. दुसरी तिच्या बगलेला, जरा लहान, जुन्या घडणीची. ती पंख डुलवत होती, डावीकडे, उजवीकडे. त्यांच्या विमानाचे पंख सरळ होते.

सलीमभाईंना रडू फुटलं. त्या सावलीची भीती वाटली म्हणून नाही. तिने आठ दिवस वाट पाहिली होती, तळातून वर येत, मैल मैल जवळ येत, आणि ते रोज पेटी पुसून ठेवत होते, याची त्यांना लाज वाटली.

“चारू,” ते म्हणाले, “तुन्हा आबाना इमानमा हुंकाऱ्या नव्हता. मी काढी लिधा व्हता. तो मन्हा घर शे.”

“काय?”

“वीरसिंगनी पेटी बोलूच शकत नव्हती. तो खरा शे. मी वहीमा लिखं नही, आन मंग कोनलेच सांगं नही.” ते सगळं बोलले. पत्र्याचा तुकडा, उघडलेलं पेन, नवी वही. “आन ह्या पेट्या, तिन्ही, मुक्यापुढे मुक्या ऱ्हातस. भरोसा ठेवू नको. भायेर दख.”

चारुलताने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात तिने जागचे हलवले नाहीत. खाली दुसऱ्या सावलीने एकदा पंख डुलवले आणि ती बाजूला झाली, पथारी ओलांडून, कापसाची रिकामी शेतं ओलांडून, सातपुड्याच्या दिशेने निघून गेली. पेटीवर अंतर एक झालं, तीन झालं, पाच झालं. मग काच कोरी झाली.

“खाले उतरीसन मायले तुम्ही सांगानं,” चारुलता म्हणाली. “मी सांगाव नही.”

प्रमिलाबाई शेडच्या पायरीवर बसल्या होत्या. सलीमभाईंनी उभ्यानेच सांगितलं. सांगताना त्यांची नजर प्रमिलाबाईंच्या कपाळावरच्या कुंकवावर होती. ते बोलायचे थांबले तेव्हा गावातून गाण्याचा आवाज येत होता.

“तेनी पेटी बोलनीच नही?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“नही, भाभी.”

“चौदा वरीस मी त्या मानूसले शाप दिधात. रोज, दिवा लावताना. नाव लईसन.” त्या सलीमभाईंकडे बघत राहिल्या. “त्या शाप कोठे गयात व्हतीन, सलीम?”

प्रमिलाबाई पायरीवरून उठल्या.

“आन तू दर आखाजीले मन्हा घर येईसन सांजोऱ्या खाई ग्या.”

त्यांनी ओरडून शिव्या दिल्या असत्या तर सलीमभाईंना सोसलं असतं. हे सोसलं नाही.  प्रमिलाबाईंनी शेडमधल्या कपाटातून ती नवी म्हणून पडलेली, आता पिवळी झालेली वही काढून त्यांच्यासमोर टाकली. “लिख,” त्या म्हणाल्या. विटलेल्या स्वस्तिकाखाली सलीमभाईंनी चौदा वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि लिहिलं, ट्रान्सपाँडर काढला, जागा रिकामी. खाली सही केली. 

मग घरी घागर भरली गेली. चारुलताने पाणी ओतलं, वर खरबूज ठेवलं, निखाऱ्यावर घास टाकला. सलीमभाईंना कोणी आत बोलावलं नाही, ते बाहेर ओट्यावर बसून होते. आतून प्रमिलाबाईंचा आवाज आला. उभ्या आयुष्यात कधी न घेतलेलं नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं, मोठ्याने, लांब उभ्या असलेल्या माणसाला हाक मारावी तसं, आणि म्हणाल्या, “पानी पी ल्या.”

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. कपाळ पुसलेलं होतं. हातात डबा होता. सांजोरीचा वास आला तसे सलीमभाई उठून उभे राहिले.

“हाई तुन्हाकरता नही,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “नवापूर जा.”

चारुलताने वही आणून दिली, आणि वर ती पहिली पेटी ठेवली. “हाई त्यासले दखाडा. मी दुसरी बसाडसू,” ती म्हणाली. मग जाता जाता, “आन काचवरना पेटीना डाग काढी टाका चाचा. माले भायेर दखानं शे.” चाचा म्हणाली, एवढंच त्यांनी ऐकलं.

निघताना सलीमभाईंनी पेटीतले दोन्ही सेल काढून खिशात टाकले. आता तिच्याकडून काही ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

नवापूरला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फार्मच्या फाटकाशी टेम्पो उभा होता आणि अंड्यांचे ट्रे मोजून वर चढवणाऱ्या माणसाचे केस पूर्ण पांढरे झाले होते. सलीमभाईंनी आपलं नाव सांगितलं. वीरसिंगने ट्रे खाली ठेवला, हात पुसले आणि वही घेतली. ती एक ओळ त्याने तीनदा वाचली, शेवटी अक्षरांवर बोट फिरवत.

“म्हंजे मी नीट दखी ऱ्हायंतू,” तो म्हणाला. “त्या दिन. पेटी गप्प व्हती.”

“व्हती.”

“पहिलं येक वरीस माले पक्कं म्हाईत व्हतं. मंग बठ्ठाच म्हने लागनात, बोलनी व्हई, तू आयकं नही व्हई. मंग माले आयकू येवाले लागनी. रोज दुपारले. टेम्पो चालाडता चालाडता, ट्रॅफिक, ट्रॅफिक. गाडी बाजूले लाईसन बठी ऱ्हास मी. बायकोले वाटस मानूस येडा व्हयना.”

सलीमभाईंनी डबा पुढे केला, मग पेटी. वीरसिंगने डबा टेम्पोच्या सीटवर ठेवला. पेटी मात्र दोन्ही हातांत घेतली. ओळखीच्या वस्तूकडे बघावं तसं तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ती कानाला लावली आणि डोळे मिटले. मागे हजारभर कोंबड्यांचा गलका चालू होता. सावली सरकून त्याच्या पायांवर आली तरी तो तसाच उभा होता.

“गप्प शे,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. “सलीमभाई, आज दुपारपाईन काहीच आयकू नही उनं. गप्प शे ही.”

त्याने पेटी परत सलीमभाईंच्या हातात ठेवली.

“ट्रॅफिक,” पेटी म्हणाली.

आवाज हलका होता, पण स्वच्छ. सलीमभाईंचा हात खिशाकडे गेला. दोन्ही सेल खिशात होते. काच काळी होती. वीरसिंगच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नव्हता, तो लहान पोराच्या आशेने त्यांच्याकडे बघत होता.

“ट्रॅफिक,” पेटी पुन्हा म्हणाली. “ट्रॅफिक.”

“तुम्हले बी आयकू येत नही ना?” वीरसिंगने विचारलं.

“नही,” सलीमभाई म्हणाले.